पाण्याखालचा शूलपाणी

महाराष्ट्र विधानसभेच्या मतदारसंघांची यादी अक्कलकुव्यापासून सुरू होते आणि त्या पहिल्या मतदारसंघातले पहिल्या क्रमांकाचे मतदान केंद्र मणिबेलीला असते. म्हणजे कारभाराच्या कागदावर महाराष्ट्र जिथून सुरू होतो, ते हे गाव. नंदुरबार जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, सातपुड्याचे उतार जिथे थेट नर्मदेत उतरतात, तिथे ते वसलेले आहे. नर्मदेच्या १३१२ किलोमीटरांच्या वाटचालीत महाराष्ट्राच्या वाट्याला फक्त तिचा दक्षिण काठ येतो. ३५ किलोमीटर ती मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांची सीमा होऊन वाहते, त्यापुढे ३९ किलोमीटर महाराष्ट्र आणि गुजरात यांची, आणि या दुसऱ्या टप्प्याच्या अखेरीस, सरदार सरोवराच्या भिंतीपासून थोड्याच अंतरावर, मणिबेली लागते.

याच काठावर शूलपाणेश्वराचे देऊळ होते. खजुराहो किंवा वेरूळ यांच्या पंक्तीत बसणारी ती वास्तू नव्हती. डोंगराळ, विरळ वस्तीच्या मुलखात, नदीच्या अगदी कडेला उभे असलेले ते एक ग्रामीण शिवस्थान होते, आणि तरीही त्याच्या नावाने शेकडो चौरस किलोमीटरांचे अरण्य ओळखले जात असे. नदीलगतच्या त्या रानाला परिक्रमावासी आजही ‘शूलपाणीची झाडी’ म्हणतात, आणि गुजरातमधील अभयारण्यालाही याच देवाचे नाव आहे. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात हे देऊळ जलाशयात गेले. देवाची स्थापना धरणाच्या खालच्या बाजूला, राजपिपल्याजवळच्या गोरा या गावी बांधलेल्या नव्या मंदिरात करण्यात आली आणि सरकारी दृष्टीने देवळाचे पुनर्वसन पूर्ण झाले. देऊळ म्हणजे नेमके काय, त्यातले काय उचलून नेता येते आणि काय जागेवरच राहते, हा प्रश्न मात्र त्या पुनर्वसनाने सुटला नाही. छोट्या देवळांच्या बाबतीत तो अधिक तीव्रतेने उभा राहतो, कारण अशा देवळाची वास्तू त्याच्या भिंतींपाशी संपत नाही. नदी, घाट, वाट आणि भोवतालची माणसे हे तिचे उरलेले अर्धे अंग असते.

शूल, डोंगर आणि पाणी

शूलपाणी म्हणजे हातात त्रिशूळ धारण करणारा शिव. स्कंदपुराणाच्या रेवाखंडात, म्हणजे नर्मदेच्या तीर्थांचे माहात्म्य सांगणाऱ्या भागात, या परिसरातील तीर्थाला ‘शूलभेद’ म्हटले आहे. अंधकासुराचा वध केल्यावर शिवाच्या त्रिशुळाला लागलेला रक्ताचा डाग काही केल्या जाईना. अनेक तीर्थे हिंडून शिव रेवेच्या दक्षिण तीरावर आला, त्याने भृगुपर्वतावर त्रिशूळ मारला, खडक भेदला गेला, पाणी उसळले आणि डाग धुऊन निघाला, अशी ही कथा आहे. याच माहात्म्यात काशीच्या चित्रसेन राजाची कथाही येते. शिकारीत त्याच्या हातून अजाणता एका ऋषिपुत्राचा वध होतो आणि त्या दुःखाने प्राण सोडलेल्या सगळ्या ऋषिकुटुंबाच्या अस्थी तो शूलभेद तीर्थात आणून सोडतो. दोन्ही कथांचा गाभा एकच आहे: हातून घडलेल्या हिंसेचा डाग, आणि तो धुणारे पाणी.

कथा पुराणातली असली तरी ती भूगोलाला धरून आहे. मणिबेलीच्या परिसरात नर्मदा दख्खनच्या काळ्या खडकातून, एका बाजूला विंध्य आणि दुसऱ्या बाजूला सातपुडा अशा चिंचोळ्या घळीतून वाहत असे, आणि जवळच्या मोखडी गावापाशी तिचे पाणी खडकांच्या पायऱ्यांवरून खळाळत खाली येत असे. कातळ फोडून पाणी बाहेर येते, हे दृश्य तेथे येणाऱ्या प्रत्येकाला प्रत्यक्ष दिसत होते. देवळाची जागा कथेने निवडली की खडकाने, हे सांगता येण्यासारखे नाही. पण कथा, खडक आणि पाणी एकाच ठिकाणी भेटत होते आणि देऊळ त्या भेटीची खूण म्हणून उभे होते, एवढे निश्चित म्हणता येते.

झाडीच्या टोकाचे देऊळ

नर्मदेची परिक्रमा म्हणजे सबंध नदीला घातलेली प्रदक्षिणा. शास्त्रोक्त परिक्रमेला ३ वर्षे, ३ महिने आणि १३ दिवस लागतात, असे परंपरा सांगते. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची आणि तिचे पात्र कोठेही ओलांडायचे नाही, हे तिचे मुख्य नियम होत. ओंकारेश्वराहून निघणारा परिक्रमावासी दक्षिण तीराने पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने चालतो. बडवानीजवळचा राजघाट मागे पडला की झाडीचा प्रदेश सुरू होतो: वस्ती तुरळक, वाटा दगडांच्या, चढ-उतार सतत. या प्रवासाच्या शेवटी शूलपाणेश्वर लागत असे.

ही झाडी मराठी वाचकाला परकी नाही. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ या कादंबरीतून आणि पुढे जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’सारख्या पुस्तकांतून ही परिक्रमा मराठी घरांत पोहोचली. झाडीत परिक्रमावाशांजवळचे सामान काढून घेतले जाते, या आठवणी परिक्रमेच्या कथनांत वारंवार येतात. परिक्रमावासी या डोंगरांतील भिल्लांना ‘मामा’ म्हणतात आणि तो अनुभव नर्मदामाईच्या भावांनी घेतलेली परीक्षा म्हणून स्वीकारतात. त्यामागे दारिद्र्य होते, जंगलावरचा हक्क सरकारी कायद्याने काढून घेतला गेल्याचा इतिहास होता, आणि आपल्या मुलखातून जाणाऱ्याने जवळचे काही ठेवून जावे ही जुनी समजूतही होती. अंगावरच्या वस्त्रांनिशी, संग्रह संपलेल्या अवस्थेत, माणूस ज्या देवळाच्या पायरीशी पोहोचत असे ते शूलपाणेश्वराचे. त्याच्या शिखराच्या पहिल्या दर्शनाचा अर्थ त्या सबंध वाटेने घडवलेला असे. वाट वगळून त्या देवळाचे वर्णन केले, तर उंबरठ्याशिवाय घराचे वर्णन केल्यासारखे होईल.

लहान शिवमंदिराची रचना

नर्मदा, तापी आणि गोदावरी यांच्या दरम्यानच्या पट्ट्यात मध्ययुगात देऊळ बांधण्याची एक समान परंपरा नांदत होती. तिचा आराखडा साधा आहे. जमिनीपासून उचललेले जोते. त्यावर लिंग असलेली चौकोनी, अंधारी खोली म्हणजे गर्भगृह. तिच्यापुढे अंतराळ नावाची अरुंद जोडजागा. आणि त्यापुढे भक्तांसाठी खांबांचा मंडप. गर्भगृहावर शिखर उभे राहते, शिखराच्या माथ्यावर आवळ्यासारख्या पाकळ्यांचा चपटा दगड, म्हणजे आमलक, आणि त्यावर कळस.

या पट्ट्यातील शिखराचा वैशिष्ट्यपूर्ण प्रकार म्हणजे ‘भूमिज’. यात शिखराच्या चारही अंगांवर मधोमध तळापासून माथ्यापर्यंत चढत जाणारा एक उभा पट्टा असतो, त्याला लता म्हणतात, आणि दोन लतांमधल्या जागेत चिमुकल्या शिखरांच्या आडव्या रांगा एकीवर एक रचलेल्या असतात. प्रत्येक रांग म्हणजे एक भूमी, एक मजला. अंबरनाथचे शिवमंदिर (शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०), सिन्नरचे गोंदेश्वर, खानदेशात साक्री तालुक्यातील बळसाणे येथील मंदिरसमूह आणि खुद्द नर्मदेच्या उत्तर तीरावरचे नेमावरचे सिद्धेश्वर मंदिर ही या परंपरेची नामांकित उदाहरणे. शिलाहार, यादव, परमार अशी राजकुले बदलत गेली, पण गवंड्यांची बोली एकच राहिली.

लोकांच्या तोंडी अशा सर्व देवळांना ‘हेमाडपंती’ हे एकच नाव आहे. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा तेराव्या शतकातील महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. त्याच्या आधी दोन शतके बांधलेल्या देवळांनाही त्याचे नाव चिकटले. चुना न वापरता, घडीव दगड एकमेकांत बसवून, वजनाच्या आधारे उभे केलेले बांधकाम, असा या शब्दाचा व्यवहारातला अर्थ आहे. मंडपाचे छत घालताना चौकोनाच्या चारही कोपऱ्यांवर तिरपे दगड टाकायचे, त्यामुळे आतली मोकळी जागा लहान होऊन फिरते. त्यावर पुन्हा तिरपे दगड टाकायचे, आणि शेवटी उरलेल्या छोट्या चौकोनावर कमळ कोरलेली एकच शिळा बसवायची. कमान न बांधता छत तोलण्याची ही युक्ती खेड्यातल्या लहान देवळातही दिसते, आणि मान वर करून पाहणाऱ्याला तीत गवंड्याचा हिशेब स्पष्ट वाचता येतो.

शिवमंदिरात आणखी एक घटक असतो, ज्याकडे लक्ष कमी जाते, तो म्हणजे प्रणाल. लिंगावर घातलेल्या अभिषेकाचे पाणी गर्भगृहाबाहेर नेणारी ही दगडी पन्हळ. पूर्व किंवा पश्चिम दिशेला तोंड असलेल्या देवळात ती उत्तरेला काढलेली असते, आणि अनेकदा तिच्या टोकाला गाईचे किंवा मगरीचे मुख कोरलेले असते. शिवाला प्रदक्षिणा घालणारा भक्त ही पन्हळ ओलांडत नाही. तिथपर्यंत जाऊन तो मागे फिरतो आणि उलट बाजूने पुन्हा पन्हळीपाशी येतो. या अर्धवर्तुळी फेरीला सोमसूत्री प्रदक्षिणा म्हणतात.

नर्मदेच्या दक्षिण तीरावर या घटकाला वेगळाच अर्थ येतो. तेथे उत्तर म्हणजे नदी. पन्हळीतून बाहेर पडणारे पाणी उताराने नदीकडेच जाते, आणि ज्या नदीतून घागर भरून आणली तिलाच ते परत मिळते. गाभाऱ्यातले लिंगही बहुधा नदीचेच अपत्य असते, कारण नर्मदेच्या पात्रात घासून गुळगुळीत झालेले अंडाकृती गोटे बाणलिंग म्हणून देशभर पूजले जातात. ‘नर्मदेचे कंकर तितके शंकर’ ही म्हण त्यावरूनच आली. आणि पन्हळ न ओलांडण्याचा देवळातला नियम परिक्रमेतल्या पात्र न ओलांडण्याच्या नियमाशी थेट जुळतो. गाभाऱ्याभोवती भक्त जे चार पावलांत करतो, तेच परिक्रमावासी शेकडो कोसांत करतो. देऊळ आणि नदी यांचे व्याकरण एक आहे. नदीकाठच्या शिवमंदिराचा आराखडा काढताना भिंती मोजल्या आणि नदीची दिशा, घाटाच्या पायऱ्या, पन्हळीचा उतार सोडून दिला, तर वाक्यातली क्रियापदे गाळल्यासारखे होते.

छप्पर नसलेले देव

मणिबेली हे तडवी आणि वसावे यांचे गाव. काठाने वर गेले की भिल्ल आणि पावरा यांची गावे लागतात. या समाजांचे स्वतःचे देव बहुधा भिंतींत राहत नाहीत. वाघदेव शिवेवर असतो, लाकडात किंवा दगडात घडवलेला, शेंदूर लावलेला. डोंगरदेव डोंगरातच असतो. गावाच्या होळीची जागा ठरलेली असते. साऱ्या परिसराची कुलदेवता याहामोगी, म्हणजे देवमोगरा माता, हिचे ठाणे पलीकडे गुजरातमधील सागबारा तालुक्यात आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेला सातपुड्याच्या दोन्ही अंगांनी लोक तेथे पायी जातात आणि बांबूच्या नव्या टोपलीत नवे धान्य घालून देवीला वाहतात. शूलपाणेश्वर हे पुराणांनी गायलेले तीर्थ असले, तरी वर्षाचे बारा महिने त्याच्या शेजारी राहणारी माणसे ही होती, आणि त्यांच्या देवांची घनदाट वस्ती त्या देवळाच्या भोवती होती.

त्यांच्या घरांचीही दखल वास्तू म्हणूनच घ्यायला हवी. सागाचे जाड खांब, वरच्या टोकाला नैसर्गिक बेचके राखून तोडलेले, त्या बेचक्यांत बसवलेले आढे, आढ्यावरून दोन्ही बाजूंना उतरणारे वासे, बांबूच्या कामट्यांचे विणलेले कूड, त्यावर माती आणि शेणाचे लिंपण, वर कौले. माणसे आणि गुरे एकाच छपराखाली, मध्ये फक्त एक आडोसा. अशा घराचा सांगाडा सोडवून दुसरीकडे पुन्हा उभा करता येतो, आणि पाणी चढू लागले तेव्हा नर्मदाकाठच्या अनेक कुटुंबांनी नेमके हेच केले: खांब, आढी, वासे, कौले उतरवून वरच्या टेकडीवर नेली आणि तेथे घर मांडले. घर नेता आले. पण वाघदेवाची शीव, होळीची जागा आणि पूर्वजांना पुरलेली भुई उचलता येण्यासारखी नव्हती, आणि छप्पर नसल्यामुळे बुडणाऱ्या मंदिरांच्या यादीतही ती सहसा चढली नाही.

पाणी चढले तेव्हा

नर्मदा पाणीतंटा लवादाचा अंतिम निवाडा १९७९ च्या डिसेंबरात आला. सरदार सरोवराची पूर्ण जलपातळी १३८.६८ मीटर ठरली आणि महाराष्ट्रातील अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांतील ३३ गावे बुडिताच्या कक्षेत आली. प्राचीन व ऐतिहासिक स्मारके, पूजास्थाने आणि मूर्ती यांच्या स्थलांतराचा व संरक्षणाचा खर्च गुजरातने सोसावा, अशी तरतूद निवाड्यात होती. तिचे मोल कमी लेखता येणार नाही. पण तिच्या भाषेत पूजास्थान ही हलवता येणारी आणि खर्चात मोजता येणारी वस्तू आहे, हेही ध्यानात घ्यावे लागते.

जागतिक बँकेने १९८५ मध्ये या प्रकल्पासाठी ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. काठावरच्या लोकांचा विरोध नर्मदा बचाव आंदोलनाच्या रूपाने संघटित झाल्यावर बँकेने ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समीक्षा नेमली आणि जून १९९२ मध्ये आलेल्या तिच्या अहवालाने पुनर्वसन व पर्यावरण या दोन्ही बाबतींत गंभीर उणिवा दाखवल्या. मार्च १९९३ मध्ये बँक प्रकल्पातून बाहेर पडली. धरणाला सर्वांत जवळचे महाराष्ट्रातील गाव म्हणून पहिला फटका मणिबेलीला बसला आणि पावसाळ्यातल्या सत्याग्रहांचे ठाणेही तेच झाले. १९९४ मध्ये जगभरातील ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी मोठ्या धरणांना कर्ज देणे थांबवावे, असे बँकेला बजावणारा जाहीरनामा काढला आणि त्याला या छोट्या गावाचे नाव दिले. ‘मणिबेली जाहीरनामा’ म्हणून तो आजही धरणांच्या जागतिक चर्चेत उल्लेखला जातो.

सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २००० रोजी बांधकाम टप्प्याटप्प्याने पुढे नेण्यास परवानगी दिली, २००६ मध्ये भिंत १२१.९२ मीटरवर गेली, १७ सप्टेंबर २०१७ रोजी प्रकल्प राष्ट्राला अर्पण झाला आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच पूर्ण भरला. कच्छ-सौराष्ट्राला या पाण्याने दिलासा मिळाला, हे सत्य आहे. त्या दिलाशाची किंमत मणिबेलीसारख्या गावांनी मोजली, हेही तितकेच सत्य आहे. शूलपाणेश्वर मात्र या कालक्रमात फार आधी, भिंत ८० मीटरच्या आसपास असतानाच, पाण्याखाली गेलेले होते.

पळसदेव आणि कुर्डी

महाराष्ट्रात आणि गोव्यात मध्ययुगीन देवळे धरणात जाण्याचे प्रसंग आधीही आले आणि प्रत्येक वेळी वेगळे उत्तर शोधले गेले. भीमेवरच्या उजनी धरणात इंदापूर तालुक्यातील जुने पळसदेव गाव बुडाले. देव नव्या गावात गेला, पळसनाथाचे भूमिज धाटणीचे देऊळ पाण्यात राहिले. दुष्काळाच्या वर्षी धरण तळाला गेले की त्याचे शिखर आधी वर येते, मग मंडप, मग आवारातले दगड, आणि इंदापूर-करमाळ्याकडची माणसे होड्यांतून किंवा चिखल तुडवत त्याच्या दर्शनाला जातात. दशकानुदशके पाण्यात राहूनही घडीव दगडांचे सांधे टिकले, ही त्या चुन्याविना केलेल्या बांधणीचीच साक्ष आहे.

गोव्यात सांगे तालुक्यातील कुर्डी गाव साळावली धरणात गेले. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचे हे जन्मगाव; त्यांच्या आडनावातून ते मराठी कानांना परिचित आहे. कुर्डीचे कदंबकालीन महादेव मंदिर पुरातत्त्व खात्याने दगड दगड सोडवून सुमारे १७ किलोमीटरांवर, धरणाच्या परिसरात, पुन्हा उभे केले. अशा कामात आधी प्रत्येक भिंतीचे मोजून रेखाटन होते, मग प्रत्येक थरातल्या प्रत्येक दगडावर क्रमांक पडतो, वरून खाली उतरवलेले दगड त्याच क्रमाने मांडून ठेवले जातात आणि नव्या जोत्यावर खालून वर पुन्हा रचले जातात. देऊळ वाचले. तरीही दर वर्षी मे महिन्यात पाणी ओसरून गावाचे अवशेष उघडे पडले की कुर्डीचे विखुरलेले लोक तेथे परततात. हिंदू सोमेश्वराच्या जागेवर उत्सव करतात, ख्रिस्ती कपेलाच्या जागेवर फेस्त साजरे करतात. ओढ जागेची आहे, हे कुर्डीकर दर उन्हाळ्यात आपल्या पावलांनी सांगतात.

वेल्समधील दोन चर्च

हाच प्रश्न जगाच्या दुसऱ्या टोकाला, वेल्समध्ये, मणिबेलीच्या शंभर वर्षे आधी उभा राहिला होता. वेल्समधील कितीतरी गावांची नावे ‘लान’ या शब्दाने सुरू होतात. त्याचा मूळ अर्थ कुंपण घातलेली जागा, पुढे तो चर्चला लावला जाऊ लागला. म्हणजे आधी राखलेली जागा, अनेकदा गोल किंवा अंडाकृती, भोवती यू जातीची दीर्घायुषी झाडे, आणि मग तिच्यात दगडी चर्च. ग्रामीण वेल्श चर्च बहुधा एकाच लांबट दालनाचे असते. पश्चिमेकडे घंटेची लहानशी चौकट, वर उतरते छप्पर, आणि भक्तांचा भाग व पूर्वेकडचा वेदीचा भाग यांच्या मध्ये कोरीव लाकडी जाळी. आपल्या मंडप-अंतराळ-गर्भगृहासारखीच, कमी पवित्राकडून अधिक पवित्राकडे नेणारी ही रचना.

लिव्हरपूल शहराला पाणी हवे होते, म्हणून १८८० च्या दशकात व्हर्नवी नदीवर धरण बांधले गेले आणि लानूदिन हे गाव, त्याच्या जुन्या चर्चसह, तळ्यात गेले. महापालिकेने नवे गाव आणि नवे चर्च बांधून दिले, आणि दफनभूमीतील मृतांचे अवशेषही नव्या जागी नेऊन पुरले. १९६५ मध्ये त्याच लिव्हरपूलसाठी ट्रिवेरिन खोऱ्यातील कॅपल केलिन हे वेल्शभाषी गाव बुडवले गेले. संसदेतील ३६ वेल्श सदस्यांपैकी एकानेही त्या विधेयकाच्या बाजूने मत दिलेले नव्हते. त्या गावाची आठवण वेल्श अस्मितेचा भाग झाली आणि २००५ मध्ये लिव्हरपूलच्या नगर परिषदेने जाहीर क्षमा मागितली.

दुसरे उदाहरण जतनाचे आहे. लानदायलो टाल-अ-बॉन्ट येथील सेंट टायलोचे छोटे मध्ययुगीन चर्च नदीकाठच्या दलदलीत ओस पडले होते. १९८० च्या दशकात ते दगड दगड सोडवून कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्स संग्रहालयात नेण्यात आले. चुन्याच्या थरांखाली मध्ययुगीन भित्तिचित्रे सापडली आणि चर्च सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला जसे दिसत असेल तसे, रंगांसह, सजवून २००७ मध्ये खुले झाले. एका लहान खेडवळ वास्तूवर तज्ज्ञ, सुतार, गवंडी आणि चित्रकार यांनी दोन दशकांहून अधिक काळ खर्च केला. लहान वास्तूही एवढ्या निष्ठेला पात्र असते, हा त्यातला धडा शूलपाणेश्वराच्या संदर्भात विशेष मोलाचा आहे.

जे दिसत नाही त्याची नोंद

पळसदेव दुष्काळात दिसते, कुर्डी मे महिन्यात उघडी पडते. मणिबेलीला हा दिलासाही नाही. सरदार सरोवराची नेहमीच्या वापरातली किमान पातळी ११०.६४ मीटर आहे आणि देऊळ बुडाले ते भिंत त्याहून कितीतरी खाली असताना. साध्या उन्हाळ्यात, साध्या दुष्काळात त्याचे शिखर वर येण्याची शक्यता नाही.

गोऱ्याच्या नव्या मंदिरात पूजा अखंड चालू आहे, यात्रा भरते, आणि पलीकडच्या तीरावर गरुडेश्वरला वासुदेवानंद सरस्वती ऊर्फ टेंब्ये स्वामींच्या समाधीला येणारे मराठी भाविक तेथेही जातात. ते मंदिरही दक्षिण तीरावर आहे, त्याच्याही उत्तरेला नर्मदाच आहे. भक्तीच्या दृष्टीने देव तोच आहे आणि त्या श्रद्धेचा मान राखलाच पाहिजे. पण झाडी संपल्यावर दिसणारे ते देऊळ, खडक फोडून उसळणाऱ्या पाण्याशेजारचे ते देऊळ, ही वास्तू गोऱ्याला गेलेली नाही. जुनी काठाची वाट बुडाल्यावर बहुसंख्य परिक्रमावासी खेतिया, शहादा, प्रकाशा, अक्कलकुवा असे रस्त्याने फिरून राजपिपल्याकडे उतरतात; झाडीत शिरणारे थोडे जण डोंगरमाथ्यांवरून चालतात.

म्हणून आता करण्यासारखे काम नोंदीचे आहे. जुनी छायाचित्रे, परिक्रमावाशांच्या वह्या, भूमापनाचे नकाशे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काठावरच्या माणसांच्या आठवणी एकत्र करून त्या जागेचा आराखडा मांडता येईल. पायऱ्या किती होत्या, पाण्याला कोणत्या बाजूने उतरत, पन्हळीचे तोंड कोणत्या झाडाकडे होते, यात्रेत कोणत्या पाड्याकडे कोणते काम असे, वाघदेव देवळापासून किती अंतरावर होता, होळी कोठे पेटत असे: हे सारे वास्तूचेच तपशील आहेत आणि ते विद्यापीठांच्या वास्तुकला विभागांनी, पुरातत्त्व खात्याने आणि नंदुरबारच्या महाविद्यालयांनी तडवी, वसावे, पावरा विद्यार्थ्यांना सोबत घेऊन, त्यांच्या बोलीत टिपले पाहिजेत. पुढे ज्या ज्या धरणांचे आराखडे होतील, त्यांच्या बुडीत सर्वेक्षणात छप्पर असलेल्या देवाइतकीच छप्पर नसलेल्या देवाचीही नोंद व्हायला हवी.

या कामाला मुदत आहे. ज्यांनी जाणत्या वयात ते देऊळ पाहिले, त्या पायऱ्यांवर बसून नदीचा आवाज ऐकला, त्यांनी आज पन्नाशी ओलांडली आहे. टेकडीवर नव्याने मांडलेल्या घरांच्या अंगणात उभे राहून, खालच्या सपाट पाण्याकडे बोट दाखवून, ‘तिथे’ असे सांगू शकणारी ही शेवटची पिढी आहे.